राष्ट्राध्यक्षांची पत्नी आणि पोरकी मुले

फिनलंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष स्टोलबेर्ग विधुर होते. १९२० साली त्यांनी एस्तर या शिक्षिकेशी विवाह केला. १९१८ च्या यादवीत हरलेल्या ‘लाल’ पक्षाची हजारो मुले पितृहीन झाली होती. शत्रूची पोरे; त्यांना जवळ कोण करणार? एस्तरबाईंनी १९२२ मध्ये संस्था काढून बेघर मुलांसाठी घरे शोधली. त्यांनी पुस्तकेही लिहिली, पण माझ्या मते मोठे ते हेच काम. ऑक्टोबर १९३० मध्ये लापुआ चळवळीच्या माणसांनी फिरावयास निघालेल्या या वृद्ध दांपत्यास पळवून मोटारीने योएन्सूपर्यंत नेले. रशियाच्या हद्दीत लोटण्याचा बेत होता. तो फसला आणि उभयता सुखरूप परतली. एस्तरबाई १९५० साली वारल्या. त्यांची संस्था पुढे ‘मुले वाचवा’ या नावाने कार्य करीत राहिली.