ऑक्टोबरातली पोयसर: अप्पा पाडा ते लालजी पाडा

मालाडहून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकलाय. अडखळलो ते काढलं, बाकी जसं बोललो तसंच.

मागच्या वेळी मी इंग्लंडातल्या जुन्या कालव्यांबद्दल बोललो होतो. मालाच्या होड्या न्यायला कालवे खणले, काठावरून घोडे त्या होड्या ओढायचे. मग रेल्वे आली आणि बरेचसे कालवे निकामी झाले. घोड्यांची वाट मात्र राहिली. आता लोक पानगळीच्या दिवसांत डबे बांधून त्या वाटेनं चालतात. त्यावर एका ताईंनी विचारलं, "आपल्या मालाडात असलं काही नाही का हो?"

ताई, कालवा नाही. पण एक नदी आहे, जिला दोन्ही बाजूंनी भिंती घालून आपण कालव्यासारखी करून ठेवली आहे. पोयसर. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावते, मालाड-कांदिवलीतून जाते आणि खाडीला मिळते. आपण तिला नाला म्हणतो. मीही तिशी उलटेपर्यंत नालाच म्हणायचो.

तर ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही चौदाजण तिच्या कडेनं चाललो. ऑक्टोबरच का, ते सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. पावसाळ्यात नदीत इतकं पाणी असतं की सगळंच वाहून जातं, काही कळत नाही. जानेवारीनंतर वरचा झरा आटत जातो, मग खाली जे वाहतं ते बहुतेक सांडपाणीच. या दोन्हींच्या मधे हे तीन-चार आठवडे असे असतात, की वरून जंगलाचं स्वच्छ पाणी अजून येत असतं आणि पाऊस थांबलेला असतो. त्यामुळे कुठल्या वळणावर पाण्यात काय मिसळलं, ते डोळ्यांनी दिसतं. उन्हाचा त्रास होतोच. साडेसहाला निघूनही नऊ वाजता आमचे सदरे पाठीला चिकटले होते.

सुरुवात मालाड पूर्वेला, अप्पा पाड्याच्या वरच्या अंगाला. उद्यानाच्या आत परवानगीशिवाय जायचं नसतं, तेव्हा हद्दीबाहेरूनच पाहिलं. दगडांवरून गुडघ्याच्याही खाली येईल इतकं पाणी, तळ दिसतोय, एक खंड्या बसलेला. कुठून तरी सातवीण फुलल्याचा वास येत होता. आमच्यातल्या अर्ध्यांना तो आवडतो, अर्ध्यांचं डोकं दुखतं. त्यावर दहा मिनिटं भांडण.

याच डोंगराच्या कुशीत पिंपरीपाडा आहे. 2 जुलै 2019 च्या पहाटे तिथं महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली आणि पंचवीसहून जास्त माणसं गेली. डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याला वाट लागते, ती नसेल तर ते काय करतं, हे कुरारच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तिथं आमच्यातलं कुणी फारसं बोललं नाही.

पुढं क्रांतीनगर. इथून नदीला घरं चिकटतात. सलग काठ नाही, गल्लीत शिरायचं, पुलावर यायचं, वाकून पाहायचं, परत गल्लीत. पाणी अजून पाण्यासारखं होतं, पण कडेला पिशव्या, थर्माकोल, निर्माल्य. आम्ही फोटो काढत होतो, तर एक बाई हंडा घासता घासता म्हणाल्या, "सर्व्हेवाले का तुम्ही?" म्हटलं, नाही मावशी, नदी बघायला आलोय. त्या हसल्या. म्हणाल्या, "बघा बघा. तुम्ही लोक नदी बघून गेलात की मागनं आमची घरं मोजायला येतात."

उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर नद्या रुंद करायचं, खोल करायचं, भिंती बांधायचं काम जोरात सुरू झालं. ते लागतंच. जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली, आता हिशेब 50 चा धरतात. पण रुंदीकरण म्हणजे कुणाचं तरी घर जाणार, आणि ते टॉवरवाल्याचं नसतं. "नदी वाचवा" म्हणताना हे मनात ठेवून म्हणावं, असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलंय.

हनुमाननगर, हायवे, मग रेल्वे ओलांडून एस. व्ही. रोड. हा टप्पा नुसता उन्हाचा आणि रिक्षांचा, वगळतो. एवढंच सांगतो की हायवेपर्यंत पाणी राखाडी झालं होतं आणि डहाणूकरवाडीला पोचेस्तोवर काळं. लिंक रोडला मेट्रोच्या खांबांपाशी आम्ही नाकाला रुमाल लावून उभे होतो. सकाळी ज्यात तळ दिसला ते हेच पाणी, मधे साडेतीन तास.

आता मुख्य गोष्ट. आमच्यात एक काका आहेत, ड्रेनेजच्या कामात आयुष्य गेलेले. त्यांनी तिथं उभं राहून सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: "तुमच्या बिल्डिंगची लाइन कुठं जाते?"

चौदाजणांत एकालाही सांगता आलं नाही. मलाही.

काकांनी समजावलं. मुंबईत दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. पावसाच्या पाण्याची गटारं वेगळी, ती नदीत नाहीतर समुद्रात. आणि संडास-मोरीच्या पाण्याची मलनिःसारण वाहिनी वेगळी, ती शुद्धीकरण केंद्राकडे. मालाडला त्यासाठी दिवसाला 454 दशलक्ष लिटरचं केंद्र उभं राहतंय. पण तुमचा नळ चुकीच्या पाइपला जोडलेला असेल, तर केंद्र कितीही मोठं बांधा, तुमचं पाणी तिथं पोचणारच नाही. "पाऊस नसताना पावसाळी गटार वाहत असेल," काका म्हणाले, "तर समजा कुणीतरी चोरून जोडलंय, नाहीतर कुणाला ठाऊकच नाही."

घरी आल्यावर मी आणि आमचा प्लंबर, आम्ही तपासणी केली. फार सोपी आहे. होळीचा उरलेला हिरवा रंग तळमजल्याच्या संडासात टाकला, दोन बादल्या पाणी ओतलं. प्लंबरचा पोरगा मागच्या पावसाळी गटाराचं झाकण उघडून बसलेला. चार-पाच मिनिटांत त्याची हाक आली, "दादा, हिरवं आलं!"

आमची इमारत 1984 ची. सेप्टिक टँक आहे, आणि तिचा ओव्हरफ्लो कुणीतरी कधीतरी सरळ त्या गटारात सोडून दिलेला. गटार नाल्यात, नाला पोयसरमध्ये. म्हणजे लिंक रोडला मी ज्याच्यासाठी रुमाल लावला होता, त्यात चाळीस वर्षं आमचाही वाटा होता. क्रांतीनगरच्या मावशींच्या दारावरून मी पिशव्यांचे फोटो काढून आणले होते. ते मी ग्रुपवर टाकले नाहीत.

सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, तू कशाला उकरतोस? एक आजोबा म्हणाले, आधी लिफ्ट. खर्च कुणी करायचा यावरून आवाज चढले. शेवटी तीन मतांनी ठराव पास झाला, अर्ज केलाय, रस्ता खोदायची परवानगी यायची आहे. तोवर आमचं हिरवं पाणी जातंय तिथंच जातंय.

एक राहिलंच. कोरियातल्या सोलमध्ये च्योंग्ग्येच्योन नावाचा ओढा झाकून वर उड्डाणपूल बांधला होता. तो पाडून 2005 च्या ऑक्टोबरात ओढा पुन्हा उघडला. बुडालो आपण त्याच वर्षी. त्याचं कौतुक खूप होतं, पण त्यात पाणी मुख्यतः पंपानं नदीतून आणून सोडतात. आपल्याला पंप लागणार नाही. वरून येतंय ते चांगलंच येतंय.

चालण्याचा शेवट लालजी पाड्याच्या पुढं. तिथून खाडी, तिवरं, चिखलात एक ढोकरी मान आखडून उभी. डबे आम्ही तिथं उघडले नाहीत, वासामुळे. मालाड पश्चिमेला येऊन एका उडप्याकडे बसलो.

जानेवारीत पुन्हा त्याच ठिकाणी उभं राहायचं ठरलंय. यायचं असेल तर आधी घरी रंगाची तपासणी करून या, उत्तर काहीही आलं तरी या. आणि पाण्याची बाटली दोन आणा, गेल्या वेळी तिघांची संपली होती. भेटू.