झग्याची लांबी आणि उपदेशकाचा हात



मागच्या बैठकींत एका सुताराच्या मुलानें मला भर सभेंत विचारलें, "तुम्ही भटजींच्या सोंवळ्याओंवळ्यावर नेहमी बोलतां, मग पाद्र्यांवर कां बोलत नाहीं? ते काय धुतल्या तांदळासारखे आहेत?" प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर देण्यासाठीं आज उभा आहें.

आधीं ऋण कबूल करतों. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस फरार बाईंनीं चालविलेली मुलींची शाळा त्यांनीं पाहिली व ती त्यांच्या मनांत भरली. हें विसरणें कृतघ्नपणा होईल. पण एकानें शाळा काढली म्हणून त्याच्या धर्माचे सगळे उपदेशक साधु ठरत नाहींत. ज्या अमेरिकेंतून त्या बाई आल्या, त्याच अमेरिकेंतली ही दुसरी गोष्ट ऐका.

बिल गॉथर्ड नांवाच्या उपदेशकानें 1961 सालीं शिकागो शहराच्या परिसरांत एक संस्था काढली. पुढें तिचीं व्याख्यानें ऐकण्यास हजारों माणसें मोठमोठ्या सभागृहांत बसूं लागलीं. त्यांची शिकवण अशी कीं, घर म्हणजे एकाखालीं एक धरलेल्या छत्र्या. वर ख्रिस्ताची छत्री, तिच्याखालीं नवऱ्याची, तिच्याखालीं बायकोची, आणि अगदीं खालीं मुलेंबाळें. छत्रीबाहेर जो पाऊल टाकील, त्याच्यावर सैतानाचा मारा होणार.

मग निघाले कपड्यांचे नियम. मुलींनीं पायघोळ, सैल झगे घालावे. ज्या कपड्यामुळें पाहणाराची नजर चेहऱ्यावरून खालीं सरकेल, तो कपडा म्हणजे डोळ्यांसाठीं मांडलेला सापळा. आणि एखाद्या पुरुषाच्या मनांत विकार उठला तर त्या मुलीनें त्याची फसवणूक केली! मंडळी, नीट लक्ष द्या. देणें नाहीं, घेणें नाहीं, कागदावर अंगठा नाहीं, आणि तरी फसवणूक ठरली, तीहि मुलीच्या माथीं. अशी युक्ति तर आमच्या सावकारासहि सुचली नाहीं.

याहून वाईट पुढें आहे. ज्या मुलीवर अत्याचार झाला तिला उपदेश कसा करावा, याचा एक छापील तक्ता या संस्थेनें काढला होता. देवानें असें कां होऊं दिलें, असा त्यांत प्रश्न आहे. आणि संभाव्य कारणांत मुलीचा असभ्य पोशाख, तिचें आईबापांच्या आश्रयाबाहेर जाणें, हीं दिलेलीं आहेत. आपल्या खळ्यावरचें धान्य चोरीस गेलें आणि पाटलानें येऊन विचारलें, "तूं रास एवढी उंच कां घातलीस?" तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

आतां हा उपदेशक स्वतः कसा वागला तें पाहा. त्यानें लग्न केलें नाहीं. पण नवराबायकोनें कसें राहावें, हें तो जन्मभर शिकवीत होता. भाविक घरांतल्या तरुण मुली मुख्य ठाण्यावर सेवेस येत. 1980 सालीं संस्थेंतच काम करणाऱ्या त्याच्या सख्ख्या भावाचे तेथील स्त्रियांशीं असलेले अनीतीचे संबंध उघडकीस आले. तेव्हां बिल गॉथर्डनें पद सोडलें आणि थोड्याच आठवड्यांत परत घेतलें. पुढें तीसहून अधिक स्त्रियांनीं खुद्द त्याच्यावरच छळाचे आरोप केले, आणि मार्च 2014 मध्यें तो संस्थेंतून बाहेर पडला. आपला हेतु कामुक नव्हता, असें त्याचें म्हणणें. मात्र तरुण मुलींचे हात धरणें, त्यांना मिठी मारणें, त्यांच्या केसांस व पायांस स्पर्श करणें हें मर्यादेबाहेरचें व चुकीचें होतें, असें त्यानेंच लिहून दिलें. कांहीं स्त्रियांनीं घातलेला दावा 2018 सालीं मागें घेतला गेला. न्यायालयानें निकाल दिला नाहीं. कोणावर अन्याय नको म्हणून हेंहि सांगतों. पण ज्यानें मुलींच्या झग्यांची लांबी मोजली, त्याच्या हाताची लांबी इतकीं वर्षें कोणीं मोजली?

या शिकवणीनें वागणारें डग्गर नांवाचें एक कुटुंब अमेरिकेंत दूरदर्शनच्या पडद्यावर फार गाजलें. एकोणीस मुलें, आणि मुली पायघोळ झग्यांत. 2015 सालीं बाहेर आलें कीं, थोरल्या मुलानें किशोरवयांत आपल्या बहिणींवरच हात टाकला होता. पुढें 2021 सालीं लहान मुलांच्या अश्लील चित्रांच्या गुन्ह्यांत तोच दोषी ठरला, आणि दुसऱ्या वर्षीं त्यास बारा वर्षांहून अधिक कैद झाली. त्या बहिणींनीं तर सर्व नियम पाळले होते. मग सापळा कोणता?

कोणी म्हणेल, बायबलांतच तसें आहे. तर बायबल उघडून पाहा. पौलानें तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांत स्त्रियांनीं सोनें, मोत्यें, भारी वस्त्रें आणि केसांची नटवी गुंफण टाळावी असें आहे. मोत्यें कोणाजवळ असतात? लोहाराच्या बायकोजवळ? तो बोल श्रीमंतीच्या दिमाखावर आहे. याकोबाचें पत्र तर, सभेंत आलेल्या सोन्याच्या आंगठीवाल्यास मानाची जागा देऊन फाटक्या वस्त्राच्या गरिबास खालीं बसविणाऱ्यांची कानउघाडणी करतें. आणि येशूनें डोंगरावर काय सांगितलें? वाईट नजरेनें पाहणारानें आपला डोळा उपटून टाकावा, असें सांगितलें. बाईनें अंग झांकावें असें तेथें त्यानें म्हटलेलें नाहीं. डोळेवाल्यानें तो हुकूम मुकाट्यानें झग्यावर ढकलला, एवढीच यांतली विद्या.

आपल्याकडे त्रावणकोरांत याच्या अगदीं उलट झालें. तेथें वरच्या जातींपुढें नाडार बायकांनीं छाती झांकली तर त्यांस मारहाण होई, अंगावरचा कपडा फाडला जाई. तेथील मिशनरी त्या बायकांच्या बाजूनें उभे राहिले, हेंहि खरें. 1859 सालीं महाराजांनीं अंग झांकण्याची परवानगी दिली. पण वरच्या जातींच्या बायकांसारखें वस्त्र घ्यावयाचें नाहीं, अशी अट ठेवली. एका ठिकाणीं झांकलें म्हणून मार, दुसऱ्या ठिकाणीं कमी झांकलें म्हणून दोष; आणि जिच्या अंगावर तें कापड, तिला दोन्हीकडे कोणी विचारलें नाहीं.

अमेरिकेंतल्या त्या गोष्टीचा शेवट राहिला. गॉथर्डला खुर्चीवरून उठविण्याचें काम कोणा पोलिसानें केलें नाहीं, कीं कोणा धर्मपीठानेंहि नाहीं. त्याच छत्रीखालीं वाढलेलीं मुलें-मुली मोठीं झालीं, त्यांनीं 2011 पासून आपली हकीकत लिहून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. एकीचें वाचून दुसरी बोलली, दुसरीचें वाचून तिसरी. तीन वर्षांत खुर्ची रिकामी झाली. संस्था मात्र त्यानंतरहि चालूच राहिली.