फोटो कुणाचा?

(कोहमारा येथे झालेल्या कार्यकर्त्या शिबिरातील भाषण)



सकाळपासून मी इथे चौकात उभी राहून तुम्हाला उतरताना बघत होते. कुणी गोंदियाहून, कुणी साकोलीकडून, कुणी नवेगावबांधवरून, काहीजणी तर थेट वडशाहून आल्या. आणि उतरल्या उतरल्या बहुतेकींनी पहिलं काम काय केलं? फोन काढला आणि बॅनरसमोर एकमेकींचे फोटो काढले. नोंदणीचं रजिस्टर उघडायच्या आत! त्यामुळे एक बरं झालं, फोटो कसा काढायचा हे मला पहिल्यापासून शिकवायला नको.

मी छायाचित्रकार नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना क्षेत्रकार्याच्या अहवालाला फोटो जोडावे लागायचे, तेव्हापासून कॅमेरा हातात आला. पुढे नोकरीत ‘हिला बरे फोटो काढता येतात’ असं झालं आणि ते काम कायमचं गळ्यात पडलं. आज तंत्राच्या चार गोष्टी सांगणारच आहे, पण आधी माझी एक चूक सांगते.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी एका संस्थेत काम करत होते. नवऱ्याच्या माराला कंटाळून दोन लेकरांसह घर सोडलेली एक बाई आमच्या ओळखीनं दुसऱ्या गावी खोली घेऊन राहत होती. सासरच्यांना पत्ता माहीत नव्हता. एका संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तर ती दारात बसून तांदूळ निवडत होती. उतरतं ऊन, सुपातले तांदूळ, तिचा शांत चेहरा. मी म्हटलं, ‘‘ताई, एक फोटो काढू?’’ ती हसली. ते हसणं म्हणजे होकार, असं मी धरून चालले.

फोटो फार सुंदर आला. इतका, की तो वार्षिक अहवालात गेला आणि अहवालातून पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर. कॅलेंडरं बँकेत गेली, पंचायत समितीत गेली, दवाखान्यात लागली. अशाच एका भिंतीवर तिच्या दिरानं ते पाहिलं. तिच्या मागे दाराच्या चौकटीवर घर नंबरची पत्र्याची पाटी होती, आणि पाटीवर ग्रामपंचायतीचं नाव. आठवड्याभरात नवरा तिथे हजर. तिला रातोरात खोली सोडावी लागली, मुलांची शाळा अर्ध्यावर सुटली. मी भेटायला गेले तेव्हा ती मला काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘मले वाटलं होतं तुम्ही एक फोटो मलेही द्याल. पोरांजवळ माझा एकही फोटो नाही.’’

म्हणजे तो फोटो सगळ्या तालुक्याला मिळाला. तिलाच नाही मिळाला.

तेव्हापासून मी फोटोआधी नुसतं ‘काढू का?’ विचारत नाही. कशासाठी काढतेय, कुठे छापणार, कोण कोण बघेल, हे सांगते. ‘फेसबुकवर टाकू’ म्हटल्यावर कळत नसेल तर ‘तुझ्या सासरच्या गावातल्या माणसाच्या फोनवरही दिसेल’ असं सांगते. मग लगेच कळतं! काढल्यावर तिला दाखवते, नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसते. पुसल्यावर तो फोनच्या कचरापेटीत महिनाभर पडून राहतो, तिथूनही काढायचा. आणि आज हो म्हणालेली बाई उद्या नाही म्हणू शकते, हेही तिला सांगते.

इथे एक अवघड जागा आहे. आपल्या पिशवीत तिचा निराधार योजनेचा अर्ज असताना आपण फोटोची परवानगी मागतो. ती नाही कशी म्हणणार? रोजगार हमीच्या कामावर २०२३ पासून दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो ॲपवर टाकायची सक्ती झाली. फोटो चढला नाही तर हजेरीचा घोळ आणि मजुरीचं भांडण. त्या बायकांना कुणी विचारलं होतं का? त्यावर आपण आवाज उठवतो, पण आपल्या दारी आलेल्या बाईला आपण तरी वेगळं काय करतो? म्हणून माझा रिवाज असा, आधी काम पूर्ण करायचं, फोटोचं नंतर, दुसऱ्या दिवशी विचारायचं. संमतीचा अर्ज भरून अंगठा घेतला की झालं, असं समजू नका. तो कागद आपल्या बचावासाठी असतो, तिच्या नाही.

आता कायदा. याचा एक धागा आपल्या याच भागातून निघतो. आज वडशाहून ज्या आल्यात, त्यांच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. त्या बदलातलं एक कलम आपण फारसं आठवत नाही, पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरवणारं. आज ते भारतीय न्याय संहितेत ७२ वं कलम आहे आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नुसतं नाव नव्हे, ओळख पटेल असा कुठलाही तपशील देता येत नाही, बाई मेलेली असली तरी. मूल असेल तर पॉक्सोचं २३ वं कलम आहेच. हे फक्त पत्रकारांसाठी आहे असं समजू नका. आपल्या गटाच्या व्हॉट्सॲपवर ‘न्याय द्या’ लिहून मुलीचा फोटो पुढे ढकलणारी कार्यकर्तीही त्यात येते.

मग ओळख कशी लपवायची? डोळ्यांवर काळी पट्टी मारून काही लपत नाही. शेजारीण पातळावरून ओळखते. हातावरच्या गोंदणावरून ओळखते, मागच्या भिंतीच्या रंगावरून ओळखते. आणि चेहरा जरासा धूसर केला तर तो पुन्हा बराचसा स्पष्ट करायची साधनं आता निघाली आहेत. पूर्ण झाकून टाका. त्यापेक्षा बरं म्हणजे मुळातच चेहरा न घेता काढा. फोनचं लोकेशनही बंद ठेवा, नाहीतर फोटोच्या पोटात जागेचा पत्ता साठवलेला असतो.

यावर माझ्याशी वाद घालणाऱ्या मैत्रिणी आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. २००६ मध्ये आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडलं. भोतमांगे कुटुंबातल्या मृतदेहांचे फोटो पत्रकांतून, इंटरनेटवरून फिरले. ते पाहून लोक पेटले, मोर्चे निघाले. त्या म्हणतात, फोटो नसते तर चार माणसं मेली यापलीकडे कुणी दखल घेतली असती का? खरं आहे. पण त्या मायलेकींना जगानं ज्या अवस्थेत पाहिलं, ती त्यांनी निवडलेली नव्हती. या प्रश्नाचं साधं उत्तर माझ्याजवळ नाही. ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांना विचारल्याशिवाय कुठलाही फोटो पत्रकावर जाऊ नये, एवढंच मी धरून आहे.

आता तंत्र. नवीन कॅमेरा घ्यायला निधी गोळा करू नका. तुमचा फोन पुरतो. पैसे असतीलच तर एक पॉवर बँक घ्या आणि फोटो साठवायला एक हार्ड डिस्क, दोन जागी फोटो ठेवायला. सभांचे, नाटकाचे फोटो फार काढत असाल तर जुना डीएसएलआर आणि त्याला पन्नासची लेन्स पुष्कळ झाली. कमी उजेडातही ती चांगलं काम देते.

फोन पिशवीत, पदरात फिरतो. आधी भिंग पुसा. निम्मे धुरकट फोटो तिथेच सुधारतात. झूम करू नका, चार पावलं पुढे जा. मोर्चाचे फोटो भर दुपारी काढलेत तर सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळी सावली पडते. पाच मिनिटं झाडाखाली थांबा, तिथे बायकांशी बोला, मग काढा. दारात बसलेल्या बाईमागे उजेड असेल तर तिचा चेहरा काळाठिक्कर येतो. पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, फोन उजेड जुळवून घेतो.

आणि उभं कुठे राहता ते बघा. दर पावसाळ्यात पेपरात रोवणीचा फोटो येतो. चिखलात कमरेतून वाकलेल्या बायका, लुगडं खोचलेलं, आणि फोटो कुठून? मागून! वर्षानुवर्षं मागून. बांधावरून उतरून, चिखलात पाय घालून, समोरून, त्यांच्या हाताच्या उंचीवर फोन धरून एकदा काढून बघा. हात दिसतात, पऱ्हे दिसतात, चेहरा दिसतो. एक आजी मला म्हणाली होती, ‘‘काहून वं बाई, उभी राहू का जराशी? वाकून वाकूनच जिंदगी गेली, फोटोत तरी सरळ येऊ दे.’’

मारहाणीच्या खुणांचे फोटो हा वेगळा विषय. बंद खोलीत, तिच्या विश्वासाची बाई सोबत असताना काढा. एक लांबून, ती कोण हे कळेल असा. एक मधून, शरीराचा कुठला भाग ते कळेल असा. एक अगदी जवळून, बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे जखमेचा आकार कळतो, आणि तोच पट्टीशिवायही. फ्लॅश अगदी जवळून मारू नका, वळ पुसट होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा काढा, कारण काळंनिळं उशिरा उमटतं. आणि फोनमधलं ते चेहरा गोरा-गुळगुळीत करणारं बटण आधी बंद करा! एका मुलीच्या गालावरचे वळ त्या बटणानं साफ गायब केलेले मी पाहिलेत.

मूळ फोटोला हात लावू नका. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो आकसतो आणि तारीख-वेळेची माहिती गळते, म्हणून वकिलाला डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कोर्टात असा फोटो दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली प्रमाणपत्र लागतं, तेव्हा ज्या फोनवर काढला तो विकू नका, सांभाळून ठेवा. आणि फोटो आहे म्हणून सरकारी दवाखान्यातली तपासणी टाळू नका. डॉक्टरनं कागदावर लिहिलेली जखम ती जखम.

आता शीर्षकातला प्रश्न. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं फोटोची कर्ती ती, जिनं तो काढला. प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं त्यावर हक्क राहतो. पगारी नोकरीत, नोकरीचं काम म्हणून काढला आणि वेगळा करार नसला तर हक्क संस्थेचा. पैसे देऊन स्टुडिओवाल्याकडून काढून घेतला तर, वेगळं ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. म्हणजे तुमच्या पोरीच्या लग्नाचा फोटो तुम्हाला न विचारता दुकानाच्या काचेत लावायचा नसतो. इंटरनेटवर सापडलेला फोटो पोस्टरवर छापतानाही कुणाचा तरी हक्क आपण घेत असतो. निदान नाव तरी छापा. होमाई व्यारावाला या आपल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या, २०११ साली पद्मविभूषण मिळालेल्या. त्यांचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. आपल्या अंकात ‘छायाचित्र : संस्था’ असं लिहितो, तेव्हा एखादी होमाई आपणही पुसतोच.

पण कायद्याच्या या सगळ्या हिशेबात फोटोतली बाई कुठेच नाही. अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँग यांनी मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. मंदीच्या काळाचा तो जगप्रसिद्ध फोटो झाला. सरकारी कामासाठी काढलेला, म्हणून कुणीही छापावा. त्या आईचं नाव फ्लॉरेन्स थॉम्पसन, हे जगाला कळलं १९७८ मध्ये. आपल्याला त्यातून एक पैसाही मिळाला नाही, ही खंत तिनं तेव्हा बोलून दाखवली.

माझ्या कॅलेंडरवरच्या बाईला मी तो फोटो नंतर नेऊन दिला. पाटी कापून, मोठा करून, काचेच्या चौकटीत. तिनं घेतला. भिंतीला लावला नाही, ट्रंकेत ठेवला.

बरं, आता बोलणं पुरे. जोड्या करा आणि बाहेर चला, ऊन उतरायच्या आत. प्रत्येकीनं जोडीदारणीचे तीन फोटो काढायचे, आधी विचारून. मग फोन तिच्या हातात द्यायचा. त्यातला कुठला ठेवायचा आणि कुठला पुसायचा, ते ती ठरवेल. तिन्ही पुसले तर रुसायचं नाही.