पदवी एक, अनुभव अनेक : मोठ्या विद्यापीठातील वाणिज्य शिक्षण

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



उच्च शिक्षणाची आपल्याकडील चर्चा बहुधा प्रवेशाच्या आकड्यांपासून सुरू होते आणि तेथेच संपते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील उच्च शिक्षणाची पटनोंदणी सुमारे ४.३३ कोटी होती आणि स्थूल नोंदणी प्रमाण २८.४ होते. पदवी स्तरावर ३४.२ टक्के विद्यार्थी कला शाखेत, १४.८ टक्के विज्ञान शाखेत, १३.३ टक्के वाणिज्य शाखेत, तर ११.८ टक्के अभियांत्रिकी व तंत्रज्ञान शाखेत होते. ज्या अभियांत्रिकीविषयी अखंड बोलले जाते, तिच्यापेक्षा वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्यांची संख्या अधिक आहे, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही.

हे आकडे आपण परीक्षेसाठी पाठ करालच. परंतु प्रवेश मिळाल्यानंतर विद्यार्थ्याच्या वाट्याला प्रत्यक्ष काय येते, हा प्रश्न या आकड्यांतून सुटत नाही. त्याचा विचार करण्यासाठी मी दिल्ली विद्यापीठातील वाणिज्य व व्यवस्थापन पदवीचे उदाहरण घेणार आहे.

एका विद्यापीठाची अनेक दारे

दिल्ली विद्यापीठाची स्थापना १९२२ मध्ये झाली. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या ६३ व्या नोंदीत बनारस हिंदू विद्यापीठ आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ यांच्याबरोबर या विद्यापीठाचा नामनिर्देश आहे. देशाच्या सर्व भागांतून विद्यार्थी येथे येतात. वाणिज्य शिक्षणासाठी ख्यातनाम असलेल्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सची सुरुवात १९२६ मधील. पुढे १९८७ मध्ये केवळ व्यवसाय अभ्यासासाठी एक स्वतंत्र महाविद्यालय निघाले. तेच आजचे शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीज होय.

नियमित महाविद्यालय हे या विद्यापीठाचे एक दार झाले. दुसरे दार बिगर-महाविद्यालयीन महिला शिक्षण मंडळाचे. १९४३ पासूनच्या या व्यवस्थेत दिल्लीत राहणाऱ्या ज्या मुलींना रोज महाविद्यालयात जाणे शक्य नसते, त्यांच्यासाठी प्रामुख्याने शनिवार-रविवारी वर्ग भरतात. तिसरे दार पत्रव्यवहाराद्वारे शिक्षणाचे. १९६२ मध्ये सुरू झालेला हा देशातील या प्रकारचा पहिला विद्यापीठीय उपक्रम पुढे स्कूल ऑफ ओपन लर्निंग या नावाने ओळखला गेला. बी.कॉम. तेथे फार पूर्वीपासून आहे. बीएमएससारखे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रमही तेथे २०२२ मध्ये सुरू झाले.

नियमित महाविद्यालयांतील प्रवेश २०२१ पर्यंत बहुतांशी बारावीच्या गुणांवर होत असे. त्या वर्षी श्रीराम कॉलेजच्या बी.कॉम. (ऑनर्स) अभ्यासक्रमाची पहिली प्रवेशमर्यादा १०० टक्क्यांवर गेली होती. २०२२ पासून मराठीसह १३ भाषांत घेतली जाणारी सामाईक विद्यापीठ प्रवेश परीक्षा लागू झाली. चुरस मात्र कमी झाली नाही. हे दार ज्यांना उघडत नाही, त्यांतील पुष्कळजण उरलेल्या दोन दारांकडे वळतात.

मागाहून ही दारे अधिक रुंद झाली, हेही नमूद केले पाहिजे. केंद्रीय शैक्षणिक संस्था (प्रवेशातील आरक्षण) अधिनियम, २००६ अन्वये इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आरक्षण मिळाले. अन्य विद्यार्थ्यांच्या जागा घटू नयेत म्हणून एकूण जागा सुमारे ५४ टक्क्यांनी वाढविण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के आरक्षणाची तरतूद झाली. पहिल्याच पिढीत महाविद्यालयाची पायरी चढणारी मुले-मुली यामुळे वर्गात आली.

वेळ ही शिक्षणाची साधनसंपत्ती

नियमित महाविद्यालयातील विद्यार्थ्याचा दिवस केवळ तासिकांनी भरलेला नसतो. वादविवाद मंडळ, गुंतवणूक मंडळ, नोकरी मिळवून देणारा कक्ष, उन्हाळ्यातील कार्यानुभव या सर्वांतून तो व्यवसायाची भाषा शिकतो. ताळेबंद कसा मांडावा हे पुस्तकात असते. तो ताळेबंद अनोळखी माणसांसमोर समजावून कसा सांगावा, हे अशा मंडळांत शिकता येते. शनिवार-रविवारच्या वर्गांना येणाऱ्या मुलीला तासिका मिळतात, पण ही मोकळी वेळ फारशी मिळत नाही. मुक्त अध्ययनाच्या विद्यार्थ्याला छापील पाठ आणि संपर्क वर्ग मिळतात. सहाध्यायी मात्र त्याला स्वतः शोधावे लागतात.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मुक्त अध्ययनात येणारा प्रत्येक विद्यार्थी नाइलाजाने आलेला नसतो. सनदी लेखापाल होऊ इच्छिणारे अनेकजण ही वाट जाणीवपूर्वक निवडतात. २०२३ च्या नव्या योजनेनुसार त्यांना दोन वर्षांची उमेदवारी करावी लागते. पूर्वी ती तीन वर्षांची होती. दिवसभर लेखापरीक्षणाच्या कार्यालयात बसणाऱ्या तरुणाला पदवीसाठी लवचिक व्यवस्थाच उपयोगी पडते. दुकान सांभाळणाऱ्या किंवा घरातील वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या तरुणालाही तीच व्यवस्था लागते, परंतु तिच्याकडे येण्याचे त्याचे कारण निराळे असते. एकाने वेळ वाचविलेला असतो, दुसऱ्याकडे तो मुळातच नसतो. सरासरीच्या आकड्यात हे दोघेही एकाच रकान्यात बसतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त संस्थांच्या मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष मानल्या जातील. कायद्याने ही समता दिली, हे योग्यच झाले. तथापि नोकरी देणारा पदवीबरोबर अनुभवही पाहतो आणि अनुभवाची समता परिपत्रकाने येत नाही.

भाषा आणि बदलते ज्ञान

दिल्ली विद्यापीठात बी.कॉम.ची उत्तरपत्रिका हिंदीतही लिहिता येते. ही मोठी सोय आहे. परंतु कंपन्यांचे वार्षिक अहवाल, लेखामानके आणि मुलाखतीची भाषा बहुतांशी इंग्रजीच असते. शालेय शिक्षण हिंदीतून झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ‘नावे’ आणि ‘जमा’ या संकल्पना अवघड जात नाहीत. त्याच्या घरच्या दुकानातील वहीत त्या असतातच. अडचण येते ती त्या संकल्पना परक्या शब्दांत ओळखताना. अशा वेळी शिक्षकाने दोन भाषांमध्ये दिलेली दहा मिनिटे जाड पुस्तकापेक्षा मोलाची ठरतात. ज्या विद्यार्थ्याला शिक्षक क्वचितच भेटतो, त्याला ही दहा मिनिटे कोठून मिळणार?

या शाखेचे ज्ञान स्थिर राहत नाही, ही दुसरी अडचण. १९५६ च्या कंपनी कायद्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली. नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये आली. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. २०१५ मध्ये प्रवेश घेऊन २०१८ मध्ये बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने उत्पादन शुल्क व मूल्यवर्धित कराच्या काळात शिक्षणास आरंभ केला आणि वस्तू व सेवा कराच्या जगात नोकरी शोधली. पुढे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला. जेथे शिक्षक रोज समोर असतो, तेथे असा बदल वर्गात लगेच पोहोचतो. छापील पाठावर विसंबणाऱ्याला मात्र नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागते.

चौथ्या वर्षाचा प्रश्न

दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी सुरू केली आणि २०१४ मध्ये ती मागे घेतली. मधल्या तुकडीला अभ्यासक्रमाच्या फेररचनेला सामोरे जावे लागले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर ही कल्पना २०२२-२३ पासून नव्या आराखड्यात परत आली. या आराखड्यानुसार ४४ श्रेयांकांनंतर प्रमाणपत्र, ८८ श्रेयांकांनंतर पदविका, १३२ श्रेयांकांनंतर तीन वर्षांची पदवी आणि १७६ श्रेयांकांनंतर चार वर्षांची पदवी मिळते. २०२२ मध्ये दाखल झालेली तुकडी २०२५ मध्ये चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर पोहोचली. मधेच बाहेर पडलेल्याला परत येता यावे, यासाठी २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीची व्यवस्था करण्यात आली. आयोगाच्या २०२२ च्या चौकटीनुसार तीन वर्षांच्या आत परतण्याची आणि जास्तीत जास्त सात वर्षांत पदवी पूर्ण करण्याची मुभा आहे.

ही रचना उदार आहे, यात शंका नाही. पूर्वी अर्ध्यावर शिक्षण सोडणाऱ्याच्या हाती काहीच नसे; आता निदान प्रमाणपत्र असेल. परंतु वर्षभराने बाहेर पडणारा विद्यार्थी संधी मिळाली म्हणून बाहेर पडला, की घरभाडे व मेसचा खर्च झेपेना म्हणून? दोन्ही प्रसंगी नोंद एकच होईल. लवचिकता कोणाच्या सोयीची ठरली आणि कोणाच्या गळतीला तिने सभ्य नाव दिले, हे तपासल्याशिवाय सुधारणेचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही.

काय मोजावे?

प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या आपणा सर्वांसाठी यात एक धडा आहे. पटनोंदणी मोजणे सोपे आहे आणि आवश्यकही आहे. तिच्याबरोबर आणखी काही गोष्टी मोजल्या गेल्या पाहिजेत. विद्यार्थ्याला आठवड्यातून किती तास शिक्षक भेटतो? कार्यानुभवाची संधी कोणत्या दारातून आलेल्यांना मिळते? बाहेर पडलेल्यांपैकी किती जण परत येतात? मुंबई वा पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांना, तसेच नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठालाही हे प्रश्न लागू पडतात.

उपाय फार खर्चिक आहेत असेही नाही. नियमित महाविद्यालयातील विद्यार्थी मंडळे व नोकरी कक्ष शनिवार-रविवारच्या आणि मुक्त अध्ययनाच्या विद्यार्थ्यांना खुले करता येतील. पहिल्या सत्रात लेखाशास्त्राचे द्विभाषिक साहाय्य वर्ग घेता येतील. कायदा बदलला की पुरवणी पाठ तत्काळ संगणकावर उपलब्ध करून देता येईल. त्यासाठी नवे विद्यापीठ नको. आहे त्या विद्यापीठाच्या दारांमधील भिंती थोड्या कमी उंचीच्या हव्यात.

विद्यार्थ्याला आत घेतले म्हणजे राज्यसंस्थेचे काम संपले, असे मानता येत नाही. आत आल्यानंतर त्याला शिक्षक, सोबती आणि पुढची संधी मिळाली, तरच त्या पदवीचा त्याला आणि देशाला उपयोग होईल. उद्या आपल्यापैकी कोणाच्या टेबलावर अशा योजनेची फाइल आली, तर प्रवेशसंख्येच्या रकान्याशेजारी हा रकाना आहे की नाही, एवढे अवश्य पाहावे.