पावती कुणाच्या नावाची?

25 एप्रिल 2015 रोजी नेपाळ भूकंपानं हादरलं. जवळपास नऊ हजार माणसं गेली. शेजारच्या देशावर असं संकट आलं की भोसरी-चाकणच्या कँटीनमध्ये, सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्गणी सुरू होते. पैसे जरूर द्या. पण ते कुणाच्या हाती जातात, हे आधी विचारा.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांची नोंदणी 1950 च्या कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांक मागा, गेल्या वर्षीचे लेखापरीक्षित हिशेब मागा. प्रामाणिक संस्थेला याचा राग येत नाही. रक्कम एखाद्याच्या खासगी क्रमांकावर नको, संस्थेच्या खात्यातच भरा. आणि 2000 रुपयांहून जास्त रोख दिली, तर त्यावर आयकर सवलत मिळत नाही.

फारसं कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे, आपल्याकडच्या करमुक्त न्यासाला परदेशात खर्च करायचा, तर सहसा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते. नाहीतर त्या खर्चावरची करमाफी जाते. म्हणून थेट विचारा: पैसा सीमेपलीकडे कसा पोहोचणार? तिथं वाटप कोण करणार? रेडक्रॉसचं बळ इथंच आहे. नेपाळ रेडक्रॉसचे स्वयंसेवक भूकंपाआधीपासून तिथल्याच जिल्ह्यांत काम करत होते.

जुन्या कपड्यांची गाठोडी मात्र पाठवू नका. ती निवडण्यात, वाहून नेण्यात माणसं आणि ट्रक अडकतात, आणि तेव्हा तंबू, औषधं खोळंबतात.