अर्जातला नोकरीचा रकाना



मला ‘अमेरिकेतलं डॉक्टरी शिक्षण’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. एवढा विषय दहा मिनिटांत बसायचा नाही. पण आपल्यापैकी तिघांची मुलं सध्या एमबीबीएस करताहेत आणि काल रात्री जेवताना तिघांनीही एकच प्रश्न विचारला : मधली नोकरी अर्जात लिहायची की गाळायची? तेवढंच बोलते.

एमबीबीएसनंतर बाँडचं वर्ष मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. २०१० मध्ये लग्न होऊन अमेरिकेला गेले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तेव्हा तिथे काम करता येत नसे. २०१५ पासून ती परवानगी मिळू लागली, तीही अटी घालून. मला मिळाली तेव्हा मी एका औषधांच्या दुकानात कॅश काउंटरवर उभी राहिले. रात्री परीक्षांचा अभ्यास.

रेसिडेन्सी म्हणजे तिथलं पदव्युत्तर प्रशिक्षण. २०१६ मध्ये पहिला अर्ज केला तेव्हा काउंटरची नोकरी मी चक्क गाळली. लाज वाटली, दुसरं काय! आरोग्य केंद्राचं वर्षही दोन ओळींत उरकलं. म्हणजे २००९ नंतर माझा अर्ज कोरा. तिथे पास होऊन किती वर्षं झाली हे आधी बघतात. बऱ्याच ठिकाणी पाच वर्षांवर अर्ज वाचतच नाहीत. मला एकच मुलाखत आली. ‘इतकी वर्षं काय करत होतात?’ असं विचारलं, तेव्हा मी ‘घर सांभाळत होते’ म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण समोरच्यांचं पेन तिथेच थांबलं. मार्चमध्ये मॅचच्या आठवड्यात सोमवारी फक्त जागा मिळाली की नाही एवढं कळतं, कुठे मिळाली ते शुक्रवारी. माझं सोमवारीच आटोपलं.

पुढच्या वर्षी मी सगळं लिहिलं. दरम्यान एका डॉक्टरांकडे स्क्राइबचं, म्हणजे तपासणी चालू असताना टिपणं लिहिण्याचं, काम धरलं होतं. त्यांनी शिफारसपत्र दिलं. धडगावकडची रात्रीची बाळंतपणं, पावसाळ्यातले सर्पदंश, जिल्ह्याला पेशंट पाठवायचा तर गाडी मिळेपर्यंतची घालमेल, हेही लिहिलं. एका मुलाखतीत वीस मिनिटं फक्त सापांवर गेली! दुसरीकडे विचारलं, काउंटरवर काय शिकलात? मी म्हटलं, इन्शुलिनची किंमत ऐकून माणूस पिशवी परत सरकवतो, तेव्हा त्याच्या डॉक्टरला ते कधीच कळत नाही. मला ते रोज दिसत होतं. जुलै २०१८ मध्ये मी इंटर्नल मेडिसिनला रुजू झाले.

यातल्या नेमक्या कशामुळे काम झालं, हे मला सांगता येणार नाही. शिफारसपत्राचा वाटा मोठा असावा. नोकरी लिहिली की जागा मिळते, असा अर्थ कृपा करून काढू नका.

आता आमच्या विभागात आलेले अर्ज मीही वाचते. २०२२ पासून त्यांच्या पहिल्या परीक्षेचे गुण दाखवत नाहीत, फक्त पास-नापास. अनुभवही पूर्वीसारखे हवे तेवढे लिहिता येत नाहीत. दहाच, आणि त्यातल्या तिघांबद्दल सविस्तर. त्यामुळे तो रकाना आम्ही फार बारकाईने वाचतो. फुगवलेलं लगेच कळतं. दोन दिवसांच्या शिबिराला ‘प्रकल्प प्रमुख’ म्हणणारा मुलगा मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो.

काल एकीने हळूच विचारलं, तिची मुलगी सुटीत बाबांच्या किराणा दुकानात बसते, ते लिहायचं का? तिला म्हणावं, आधी मला फोन कर आणि दुकानात काय काय करते ते सांग. तुमच्याकडे सकाळचे सात म्हणजे माझी आदली संध्याकाळ; ड्युटी नसली तर मी मोकळी असते.