फिरत्या घराची ऊब

थंडीच्या दिवसांत पहांटे बंब पेटवितांना त्यांत पाणी आहे कीं नाहीं, हें जाणती गृहिणी आधीं पाहते. खालीं निखारे फुलले आणि वर पाणी नसलें, तर भांड्याची काय गत होते हें तिला कोणी सांगावें लागत नाहीं. मोटारीच्या एंजिनाची गोष्ट याहून निराळी नाहीं. फरक एवढाच कीं, बंबांतील पाणी डोळ्यांना दिसतें. एंजिनांतील पाणी नळ्यांतून फिरतें आणि तें कोठें अडलें हें वरून कळत नाहीं.

जर्मनींतील फोक्सवागन कारखान्यानें १९७९ सालीं काढलेली ‘टी-३’ ही गाडी याचें चांगलें उदाहरण आहे. वेस्टफालिया कंपनी हिच्यांतच बिछाना, चूल व वर उचलतां येणारें छप्पर बसवून कँपर व्हॅन, म्हणजे फिरतें बिऱ्हाडच, तयार करीत असे. आरंभीं हिचें पेट्रोल एंजिन हवेनें थंड होई. १९८२ सालीं पाण्यानें थंड होणारें एंजिन आलें. हें एंजिन गाडीच्या मागच्या टोकाला, तर रेडिएटर अगदीं पुढच्या टोकाला. म्हणून सोळा लिटरांहून अधिक पाणी गाडीच्या पोटाखालून सारखें ये-जा करीत असतें. याच पाण्याची एक धार पुढच्या हीटरकडे जाते, आणि कित्येक गाड्यांत मागच्या आसनाखालीं दुसरा हीटरही असतो.

अशा गाड्यांना आतां कित्येक वर्षें लोटलीं. रबर कडक होतें, चिरतें, आणि मालकाला नळ्या बदलाव्या लागतात. नवी नळी चढविणें कठीण नसतें. ती योग्य तोंडावर चढविणें हेंच खरें काम.

पाटाचें पाणी वाहतें तें उतारामुळें. दोन्ही टोकें एकाच पातळीवर आलीं कीं तें डबक्यासारखें उभें राहतें. एंजिनांत उताराचें काम पंप करतो. पंपाच्या ढकलत्या बाजूला दाब अधिक, ओढत्या बाजूला कमी. म्हणून हीटरची एक नळी एंजिनांतून तापून निघणाऱ्या पाण्यावर आणि दुसरी पंपाच्या ओढत्या बाजूवर असावी लागते. दोन्ही नळ्या एकाच बाजूला जोडल्या, तर गळती होत नाहीं, आवाज होत नाहीं. फक्त पाणी हलत नाहीं. मागच्या हीटरच्या बाबतींत ही चूक फार सहज होते. त्याच्या दोन नळ्या तीन तोंडांच्या सांध्यांनीं मुख्य नळ्यांना जोडलेल्या असतात. एक सांधा जाणाऱ्या नळीवर व एक परतणाऱ्या नळीवर हवा. दोन्ही सांधे एकाच नळीवर बसले, तर तो हीटर थंडच राहतो.

तथापि केवळ पाय गारठण्यावर हें प्रकरण थांबत नाहीं. बर्फाळ घाटांत पुढच्या कांचेवरील दंव याच उबेनें निघतें. शिवाय जेथें पाणी अडतें तेथें हवा कोंडते. एंजिनाचीं डोकीं अॅल्युमिनियमचीं. त्यांना पाण्याऐवजीं वाफ लागली, तर तीं वाकतात व सांधे फुटतात. उष्णतामापकाचें टोंक पाण्याबाहेर राहिलें, तर कांटाही खोटी ग्वाही देतो.

यास्तव शहाणा कारागीर एंजिन पुरतें निवाल्यावांचून टाकीचें झांकण उघडीत नाहीं. आंतील पाणी दाबाखालीं असतें व तें अंग भाजून काढतें. जुनी नळी काढण्यापूर्वीं तो दोन्ही टोकांना एकाच खुणेची चिठ्ठी बांधतो आणि एका वेळीं एकच नळी बदलतो. जुन्या मालकानेंच पूर्वीं चूक केली असण्याचा संभव असतो. म्हणून तो प्रत्येक नळी एंजिनापासून हीटरपर्यंत हातानें चांचपीत जातो. प्लास्टिकचे ठिसूळ सांधे तो त्याच वेळीं बदलून टाकतो.

मग पाणी भरणें. त्यांत फॉस्फेट नसलेलें गोठणरोधक द्रव्य मिसळलेलें असावें. भरतांना हीटरच्या सर्व तोट्या पूर्ण उघड्या ठेवाव्या, गाडीचें तोंड उंच करावें, आणि रेडिएटरवरील हवेचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत एंजिन चालवीत पाणी घालीत राहावें.

शेवटची परीक्षा हाताची. एंजिन तापल्यावर पंख्यापट्ट्यांपासून हात दूर ठेवून हीटरच्या दोन्ही नळ्यांना जपून स्पर्श करावा. दोन्ही गरम, पण परतणारी किंचित् कमी, तर पाणी फिरत आहे. एक गरम व एक गार, तर तोटी बंद, मार्ग चोंदलेला किंवा हवा कोंडलेली. दोन्ही गार, तर जोडणीच पुन्हां तपासावी.

या परीक्षेला दोन मिनिटें पुरतात. ती अंगणांत न केली, तर तीच घाटांत, बर्फांत, मुलेंमाणसें गाडींत बसलेलीं असतांना करण्याची पाळी येते. आणि तेथें चिठ्ठ्या बांधून ठेवलेल्या नसतात.